आई-बाबांस पत्र : फेअर आयलचे पक्षी

ती. आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

एवढ्याशा बेटावर वर्षभर पाहण्यासारखे पक्षी असतात तरी किती, असे बाबांनी विचारले होते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड आणि ऑर्कनी या द्वीपसमूहांच्या मधोमध असलेले हे फेअर आयल जेमतेम ५ किलोमीटर लांब आहे. तरीही इथे ३८० हून अधिक जातींची नोंद झाली आहे, कारण समुद्रावर वाऱ्याने भरकटलेल्या, थकलेल्या पक्ष्याला आसपास टेकायला दुसरी जमीनच नाही. जॉर्ज वॉटरस्टन यांनी १९४८ मध्ये इथे पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू केले, तेही याच कारणाने.

एप्रिलमध्ये पफिन हे समुद्रपक्षी कड्यांवरच्या बिळांत परततात आणि ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात. मे महिन्यात पूर्वेचा वारा सुटला, की मी दगडी कुंपणांच्या कडेने शंकर पक्षी शोधते. आई, आपल्याकडे हिवाळ्यात पाणथळ जागी दिसतो तोच हा, निळ्या गळ्याचा आणि शेपटी झटक्यात उघडून तांबूस डाग दाखवणारा. नॉर्वेकडचे काही शंकर हिवाळ्यासाठी थेट भारतीय उपखंडापर्यंत जातात, हे कळल्यापासून तो मला माहेरचा वाटतो.

मला मात्र सगळ्यांत प्रिय सप्टेंबरअखेरचे दिवस. तेव्हा सकाळी उठून प्रथम वाऱ्याची दिशा पाहायची. पश्चिमेचा असेल तर फारशी आशा नाही, आग्नेयेचा असेल आणि वर पाऊस असेल, तर सायबेरियातले इवलेसे वटवटे गवतात उतरलेले असण्याची शक्यता फार. त्यांतला लान्सिओलेटेड वॉर्बलर उडतच नाही म्हटले तरी चालेल. अंगभर बारीक काळ्या रेघा असलेला हा पक्षी गवताच्या बुडातून उंदरासारखा सरपटत जातो आणि आपण स्तब्ध बसलो, तर बुटाजवळूनही निघून जातो.

हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा होतो. तेव्हा सोबतीला असते ती इथली रेन नावाची इवलीशी तपकिरी चिमणीसारखी पाखरू. तिची ही उपजात जगात फक्त याच बेटावर आहे.

तुम्ही जूनमध्ये यावे, असे मनापासून वाटते. पफिन तेव्हा हमखास दिसतील. धुक्यामुळे छोटे विमान आणि बोट दोन्ही अडकतात, म्हणून परतीच्या तिकिटाआधी तीन-चार दिवस मोकळे ठेवा, आणि बाबांची कानटोपी विसरू नका.

तुमची,
वैदेही