रोपं नकोत, माती द्या

तुमसर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या ग्रामसभेकडून, गावात राहणाऱ्यांना आणि पोटासाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या सगळ्यांना नमस्कार.

खदानीचा ढिगारा तुम्ही लहानपणापासून पाहत आला आहात. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीज निघू लागलं त्याला सव्वाशे वर्षं झाली. इथल्या एका खडकाला फर्मोर या भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. आमच्या आज्या-पणज्यांनी असल्याच खडकात घण चालवले. माल गेला. मागे राहिला तो काळा ढिगारा आणि पाण्यानं भरलेला खड्डा. खदान बंद करताना जमीन सावरण्याचा आराखडा देणं २००३ पासून बंधनकारक झालं, पण आमची खदान त्याच्या कितीतरी आधी बंद पडली. आज ती जागा गायरानात आहे, म्हणजे जबाबदारी आपलीच.

पावसाळ्यात ढिगाऱ्याची भुकटी ओघळून खालच्या धानाच्या बांध्यांत उतरते. बोडी, म्हणजे शेताजवळचं लहान तळं, दर वर्षी थोडी आणखी उथळ होते. रोवणीच्या ऐन घाईत बाया आधी बांधीतली खडी वेचतात, मग धानाचे पऱ्हे लावतात.

आपण ढिगाऱ्यावर दोनदा झाडं लावली. शाळेतली पोरं डबक्यातून पाणी आणून घालत होती. होळीपर्यंत नुसत्या काड्या उरल्या. पोरांची मेहनत कमी पडली नव्हती. ढिगारा म्हणजे माती नाहीच, तो फोडलेला दगड आहे. त्यात कुजलेला पाला नाही, नत्र नाही, मुळांना अन्न पुरवणारे जीव नाहीत, आणि पाणी तर टिकतच नाही.

तरी हे होऊ शकतं. सावनेर तालुक्यातल्या गुमगाव खदानीच्या अशाच ढिगाऱ्यावर नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं, डॉ. आशा जुवारकर यांच्या चमूनं, हिरवळ उभी केली. त्यांनी साखर कारखान्याचं प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, वापरलं आणि रोपांच्या मुळांना नत्र पुरवणारे रायझोबियमसारखे जिवाणू व मुळांशी जोडून अन्न-पाणी पोचवणारी मायकोरायझा बुरशी यांची जोड दिली. आधी माती घडवली, मग झाड लावलं.

म्हणून यंदा कृपा करून रोपं आणू नका. ज्यांच्या गोठ्यात कुजलेलं शेणखत आहे त्यांनी जमेल तेवढं द्यावं, अर्धी ट्रॉलीही चालेल. मामा (मालगुजारी) तलावाचा गाळ काढायचाच आहे. ट्रॅक्टरवाल्यांनी आपली एक-एक खेप ढिगाऱ्याकडे वळवावी. गावात ज्या करंजाखाली, शिसमाखाली पाला साचतो, तिथली टोपलीभर माती मुळांजवळून घेऊन यावी. मुळांना हवे असलेले जीव त्या मातीत असतात, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. उतारावर लावायला वाळ्याचे गड्डे आणि पवन्या गवताचं बी हवं आहे, कारण भुकटी आधी गवतच धरतं.

बाहेरगावच्यांनी डिझेल, जिवाणू खत आणि खड्ड्याभोवतीच्या तारेसाठी पैसे पाठवावेत. रक्कम ग्रामनिधीत जमा होईल, पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब दर ग्रामसभेत वाचला जाईल. तारेचं काम सगळ्यात आधी होईल. त्या काठावर आपली गुरं जातात, पोरंही जातात.

दोन गोष्टी मात्र हात जोडून मागतो. ढिगाऱ्यातून मुरूम उचलणं थांबवा. पायथा खणला की वरचा उतार खाली येतो. आणि तीन वर्षं तिकडे गुरं-बकऱ्या सोडू नका. खड्ड्यातल्या पाण्याची तपासणी होईपर्यंत त्यात मासोळी सोडण्याचा विचारही बाजूला ठेवू.

मृग लागायच्या आत ढिगाऱ्यावरचे लागवडीचे खड्डे खत-मातीनं भरून व्हायला हवेत. खताच्या ट्रॉल्या पांदण रस्त्यानं आणाव्यात. शाळेसमोरची वाट पोरांसाठी मोकळी राहू द्यावी.