गाडी कमी चालली म्हणून

प्रिय बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, वर्षभरात गाडी जेमतेम ४,००० किलोमीटर चाललीय, सर्व्हिसिंगची एवढी काय घाई?" मागून तुला कुणीतरी हाक मारत होतं, म्हणून मी विषय वाढवला नाही. पण तुझं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. तिथली थंडी सुरू व्हायला आता महिनाच उरलाय आणि बर्फात गाडी चालवायची तुझी ही पहिलीच वेळ. म्हणून सविस्तर लिहायला बसले.

गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढ. त्यात सर्व्हिसिंगचं कोष्टक आहे. जवळजवळ प्रत्येक कामापुढे दोन आकडे दिसतील, एक किलोमीटरचा आणि एक महिन्यांचा, आणि सोबत लिहिलेलं असेल, 'यांपैकी जे आधी येईल ते'. तू फक्त पहिला आकडा बघतोयस. जो गाडी कमी चालवतो त्याला दुसरा लागू होतो.

त्याचं कारण सांगते. तुझं ऑफिस घरापासून ४ किलोमीटरवर. म्हणजे इंजिन नीट तापायच्या आतच तू किल्ली फिरवून ते बंद करतोस. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. गार इंजिनात तिचं पाणी होऊन ते ऑइलमध्ये उतरतं आणि न जळलेलं थोडं पेट्रोलही त्यात मिसळतं. लांबच्या प्रवासात ऑइल चांगलं तापतं आणि हे सगळं उडून जातं. तुझ्या गाडीत ते साचत राहतं. त्याच पुस्तकात पुढे 'कठीण वापर' अशा अर्थाचं एक सदर असेल, तेही वाच. डोंगरातले रस्ते, धूळ, ओझं ओढणं यांच्या जोडीला तिथे 'थंडीतल्या छोट्या फेऱ्या' हेही लिहिलेलं असतं आणि त्यासाठी मुदत कमी केलेली असते. तुला वाटतं, आपण गाडी जपून वापरतो. पुस्तकाच्या हिशेबाने तुझा वापर कठीण वापरात मोडतो. तेव्हा ऑइल आणि ऑइल फिल्टर याच महिन्यात बदलून घे, मीटर काहीही दाखवत असो.

ऑइल कुठलं, तेही पुस्तकातच बघ. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू हा विंटरचा, म्हणजे हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते ऑइल कडाक्याच्या थंडीत पातळ राहतं. १५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २० अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० वर आणि ०डब्ल्यूची उणे ३५ वर. "जाड ऑइल घाला, इंजिन जास्त टिकेल" असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. पहाटे इंजिन सुरू होताना पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत पोहोचलं नाही, तर सगळ्यात जास्त झीज तेव्हाच होते.

ब्रेक ऑइलची गोष्ट तर गाडी उभी असली तरी चालूच असते. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट-४ प्रकारचं ताजं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले आणि ते उकळलं, तर पेडल सरळ खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलतात. तू गाडी सेकंडहँड घेतलीस. आधीच्या मालकाने ते कधी बदललं, याची नोंद आहे का? नसेल तर बदललेलंच नाही असं समज. टायमिंग बेल्टचंही, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडझाप करवणाऱ्या पट्ट्याचंही, तसंच. तुझ्या इंजिनाला बेल्ट आहे की चेन, आणि बेल्ट असेल तर तो कधी बदलला, हे मेकॅनिकला विचारून घे. तो तुटायच्या आधी बहुतेक वेळा काही सूचना देत नाही, आणि बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. एअर फिल्टर, केबिन फिल्टर ही कामं सोपी आहेत, पुस्तकात दिलेल्या वेळी करत जा.

आता बॅटरी. याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे.

तू चार वर्षांचा होतास. बाबा कामासाठी बाहेरगावी गेले होते. आपण दोघं रात्री घरी परतत होतो. तुला शू लागली म्हणून मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि अंधार होता म्हणून दिवे तसेच चालू ठेवले. सहा-सात मिनिटं गेली असतील. परत येऊन किल्ली फिरवली तर नुसता टक-टक आवाज. दिवे मंदावले आणि मग काहीच नाही. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. हीटर बंद, फोनला रेंज नाही. माझा कोट तुला गुंडाळून तुला मांडीवर घेऊन मी दीड तास बसले होते. तू मध्येमध्ये विचारायचास, "आई, गाडी झोपली का?" शेवटी एक ट्रकवाला थांबला आणि त्याने केबल लावून गाडी सुरू करून दिली. आदल्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंग करून आणली होती आणि बॅटरी 'एकदम ठीक' असल्याचं मला सांगितलं होतं. मीटर लावून पाहिली का, हे मी विचारलं नव्हतं. पाच वर्षांची बॅटरी होती आणि त्या महिन्यात गाडी रोज दहा-दहा मिनिटंच चालली होती.

तेव्हापासून मी विचारते. तूही विचार. उणे १८ अंशांच्या आसपास बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. उन्हाळ्यात जी बॅटरी काम निभावून नेते, ती पहिल्या कडक थंडीत हात टेकते. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत व्होल्टमीटर लाव. १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. पण एवढ्यावर थांबू नकोस, तिच्यावर भार टाकून ताकद बघतात ती लोड टेस्ट करून घे. बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर चाचणीत पास झाली तरी मी बदलेन. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली असेल तर ती साफ करून पकड घट्ट करून घे. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालव, म्हणजे बॅटरी भरेल आणि ऑइलही तापेल.

स्वतःच्या जंपर केबल डिकीत ठेव. लावायचा क्रम असा: लाल केबलचं एक टोक बंद पडलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग काळ्या केबलचं एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण तिच्यातून हायड्रोजन निघतो. उतरलेली बॅटरी थंडीत गोठते. ती फुगलेली किंवा आत बर्फ झालेली दिसली तर केबल अजिबात लावू नकोस.

टायरबद्दल तू म्हणालास, "नक्षी अजून चांगली आहे." नक्षीइतकंच महत्त्व रबराला आहे. साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि रस्ता धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. म्हणून बर्फ पडायची वाट बघू नकोस, पहाटेचा पारा सातत्याने ७ च्या खाली जायला लागला की टायर बदल. टायरच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघून घे. नुसत्या 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरांवर विसंबू नकोस. टायर बदलायचे तर चारही. दोनच बदलले तर गाडीचं एक टोक रस्ता धरेल आणि दुसरं घसरत वळेल. अनेक देशांत खाचेची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असते, पण बर्फासाठी किमान ४ मिलिमीटर हवीत. टायरवर चार आकडी तारीखही असते, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा. चाकं बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घे.

आणि हवा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे १ पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) कमी होते. तू २० अंशांच्या छान दिवशी हवा भरलीस आणि पारा उणे १० वर गेला, तर टायर कुठेही न गळता ५ पीएसआय कमी झालेले असतील. म्हणून थंडीत दर पंधरा दिवसांनी, गाडी चालवायच्या आधी, टायर गार असताना हवा बघ. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. स्टेपनीही विसरू नकोस.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, याचा तुला आनंद झालाय, मलाही झालाय. पण चारही चाकं ओढतात ती निघताना. थांबताना ब्रेक सगळ्याच गाड्यांना सारखे असतात, आणि निसरड्या बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट अंतर लागतं. अशा गाडीत निघायला त्रास होत नाही, म्हणून रस्ता किती निसरडा आहे हे वेळेवर कळत नाही. याची मला खरी भीती वाटते.

उन्हाळ्यात तू दोनदा कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीत नुसतं पाणी घातल्याचं बोलला होतास. ते आता तपासून घ्यायला हवं. ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. पाणी वाढलं की हे संरक्षण भराभर कमी होतं. गोठताना पाणी फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉकसुद्धा तडकवू शकतं. उलट नुसतं ग्लायकॉल ओतलंस तर तेही चुकेल, कारण शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. मेकॅनिककडे मिश्रण मोजायचं साधन असतं, दोन मिनिटांचं काम आहे. रंग बघून कूलंट मिसळू नकोस. इंजिन गरम असताना टाकीचं झाकण उघडू नकोस. आणि जमिनीवर सांडलं तर लगेच पुसून घे, ते गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

काचेच्या पाण्यातही साधं पाणी नको, न गोठणारं द्रव भर. वायपरची रबरं नवीन घे. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीच ओतू नकोस, काच तडकते. खरवडणी ठेव आणि दहा मिनिटं आधी खाली उतर. फक्त डोळ्यांपुरती काच साफ करून निघणारे लोक मला दिसतात, तसं करू नकोस. छतावरचा बर्फही काढ, नाहीतर ब्रेक दाबताच तो पुढच्या काचेवर घसरतो. आतून धुकं धरलं तर हवा बाहेरून आत येईल असं बटण ठेव आणि हीटरबरोबर एसीही लाव, तो आतली हवा कोरडी करतो.

सकाळी पंधरा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायची गरज नाही. मिनिटभर थांब आणि मग हळू चालवत निघ, त्याने ते लवकर तापतं. पुलावर वेग कमी कर, तिथे वरून-खालून दोन्हीकडून गार हवा लागते म्हणून रस्ता आधी गोठतो. एबीएसचा, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारा, ब्रेक पायाखाली थरथरला तर घाबरून पाय उचलू नकोस, दाबून धर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बर्फात अडकलास तर गाडी सोडून चालत निघू नकोस. आणि हीटरसाठी इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून मागचा धुराचा पाइप हाताने मोकळा कर. तो बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालव, एक काच बोटभर खाली ठेव, आणि पुन्हा सुरू करताना पाइप पुन्हा बघ. यासाठीच पेट्रोलची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, हातमोजे, वाळूची पिशवी, पाणी आणि काहीतरी खायला असू दे. डिकीचं कुलूप गोठू शकतं, म्हणून ब्लँकेट मागच्या सीटवरच ठेव.

हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. ते खालच्या पत्र्याला खातं. पारा शून्याच्या वर गेला की दर वेळी गाडीचं पोट धुऊन घे, नुसतं वरचं अंग नको.

त्या रात्रीनंतर मी एक वही सुरू केली होती, तुला आठवत असेल, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख, मीटरचा आकडा, काय काम केलं, पुढचं कधी, असे चार रकाने. तुझ्यासाठी तशीच एक आखून या पत्रासोबत पाठवतेय. पहिल्या पानावर बॅटरी, टायर, कूलंट, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल अशा पाच ओळी मी लिहून ठेवल्यात, तारखांची जागा मोकळी आहे. शनिवारी गाडी दाखवून आलास की ते पान भर आणि त्याचा फोटो मला पाठव. बॅटरीसमोर व्होल्टचा आकडा लिही, 'ठीक आहे' असं नको.

तुझी,
आई