न विचारता वरच्या ग्रेडचे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, एक सॉल्व्हंट म्हणजे विद्रावक) पाठवल्याबद्दल तक्रार

दि. २९ एप्रिल २०२५
अकोला

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : एआर ग्रेड, बीएचटीयुक्त टेट्राहायड्रोफ्युरानऐवजी स्टॅबिलायझर नसलेले एचपीएलसी ग्रेड पाठवल्याबाबत

संदर्भ : आमची खरेदी ऑर्डर, आपले डिलिव्हरी चलन व इनव्हॉइस (प्रती सोबत जोडल्या आहेत)

महोदय,

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने आपल्याकडे दोन प्रकारच्या टीएचएफची ऑर्डर दिली होती. पहिले, एचपीएलसी ग्रेड (यंत्रावरील विश्लेषणासाठीचे अतिशुद्ध), स्टॅबिलायझर (खराब होणे रोखणारे रसायन) नसलेले, १ लिटरची एकच बाटली. दुसरे, एआर ग्रेड (प्रयोगशाळेतील नेहमीच्या कामाचे), २५० पीपीएम (दशलक्षात २५० भाग) बीएचटी हे स्टॅबिलायझर असलेले, अडीच लिटरच्या चार बाटल्या. ऑर्डरमध्ये दोन्ही ओळींपुढे स्टॅबिलायझरबद्दल स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात पाचही बाटल्या एचपीएलसी ग्रेडच्या आल्या आणि एकीतही बीएचटी नाही. चलनावर मात्र चार बाटल्यांपुढे ‘एआर’च छापले आहे.

फोन केल्यावर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले, “मॅडम, एआर स्टॉकमध्ये नव्हतं म्हणून त्याच भावात वरचा ग्रेड दिलाय. तुमचा फायदाच झाला की.” हे पत्र मुख्यतः या उत्तरामुळे लिहीत आहे. चुकीचा माल एखाद्या वेळी येतो, बदलून मिळतो, विषय संपतो. पण रसायने विकणाऱ्या कंपनीतला माणूस याला फायदा समजत असेल, तर आमच्या बाबतीत झाली तशी चूक दुसऱ्या प्रयोगशाळेच्या बाबतीतही होणार, आणि तिथे ती वेळेत लक्षात येईलच असे नाही.

टीएचएफ हवेतला ऑक्सिजन घेते. त्याच्या वलयातल्या ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवर हायड्रोपेरॉक्साइड (स्फोटक पेरॉक्साइडचा एक प्रकार) तयार होते, आणि प्रकाश व उष्णता मिळाली की हे काम वेगाने होते. बीएचटी या अभिक्रियेची साखळी तोडते, म्हणून ती घातलेली असते. एचपीएलसी ग्रेडमध्ये ती सहसा मुद्दाम घालत नाहीत, कारण बीएचटी २८० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील प्रकाश शोषते आणि यूव्ही डिटेक्टरवर तिचाच सिग्नल दिसत राहतो. आमच्या जीपीसी यंत्रावर (रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या) पॉलिमरचे रेणुभार काढताना आम्हाला तो अडथळा नको असतो, म्हणून तेवढ्यापुरती १ लिटरची बाटली. ती नायट्रोजनखाली ठेवतो, उघडल्याची तारीख घालतो आणि लवकर संपवतो.

बाकीचे १० लिटर पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या सिंथेसिससाठी (संयुगे तयार करण्यासाठी) होते. तिथे बाटली दिवसातून अनेकदा उघडते, अर्धी रिकामी राहते आणि वरच्या मोकळ्या जागेत हवा भरते. पुढे प्रयोगाच्या मिश्रणातले टीएचएफ रोटाव्हॅपवर (निर्वातात सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर) उडवले जाते. टीएचएफ ६६ अंशांना उकळते, रोटाव्हॅपच्या निर्वातात त्याहून खाली. पेरॉक्साइड मात्र उडत नाही. फ्लास्कमधला द्रव कमी होत जातो तसे ते तळाशी दाट होत जाते, आणि फ्लास्क कोरडा पडायला आला की स्फोट होऊ शकतो. दिसायला द्रव तसाच पाण्यासारखा स्वच्छ. नुसते पाहून किंवा वासावरून कोणालाही काही कळत नाही.

लोणच्यातले मीठ आणि तेल काढून टाकले तर कैरी अधिक शुद्ध राहील, पण बरणीत टिकणार नाही. टीएचएफचेही तसेच आहे. ९९.९ टक्के शुद्धतेचा आकडा आमच्या सिंथेसिसच्या कामासाठी वरचा दर्जा नाही, चुकीचा माल आहे. शिवाय मुलांना आम्ही पहिल्याच वर्षी शिकवतो की बीएचटी असलेले टीएचएफसुद्धा डिस्टिल केले की बीएचटी मागे राहते आणि वर येणारा द्रव असुरक्षित होतो, त्यामुळे तो साठवायचा नाही. तेच असुरक्षित टीएचएफ आपण आम्हाला अडीच-अडीच लिटरच्या बाटल्यांत भरून दिले.

आता लेबलविषयी. बाटलीवर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत रसायनाचे नाव, ‘एचपीएलसी’ आणि शुद्धतेची टक्केवारी आहे. स्टॅबिलायझरची ओळ बाजूला, बारीक अक्षरांत, आणि चारही बाटल्यांवर नेमकी त्या ओळीवर गोदामाची बारकोड पट्टी चिकटवलेली. उत्पादनाचा महिना आणि पुनर्तपासणीची तारीखही तिच्याखालीच. आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीने चलन हातात धरून प्रत्येक बाटली पाहिली, तिला कॅटलॉग क्रमांक वेगळा वाटला, तिने नखाने पट्टी सोलली, तेव्हा खाली ‘स्टॅबिलायझर नाही’ हे शब्द निघाले. ती इतकी चिकित्सक नसती तर त्या बाटल्या एआरच्या कपाटात गेल्या असत्या. पुनर्तपासणीची तारीख एका बाटलीवर उलटून गेलेली होती. चारही बाटल्यांचे फोटो, पट्टी असताना आणि काढल्यानंतर, सोबत जोडले आहेत.

त्या तारीख उलटलेल्या बाटलीचे सील आम्ही फ्युम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात) उघडले आणि पेरॉक्साइडची चाचणी पट्टी बुडवली. सॉल्व्हंट उडून जाऊ दिले, मग पट्टीच्या चौकोनावर पाण्याचा थेंब टाकला, कारण सेंद्रिय सॉल्व्हंटमध्ये पाण्याशिवाय रंग नीट येत नाही. चौकोन गडद निळा झाला. डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिला तर तो १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खुणेशी जुळला. आपल्याच सीओएवर (विश्लेषण प्रमाणपत्रावर) पेरॉक्साइडची मर्यादा ०.००५ टक्के, म्हणजे ५० पीपीएम लिहिली आहे. अनेक प्रयोगशाळा १०० च्या पुढचे टीएचएफ वापरतच नाहीत, नष्ट करायला पाठवतात. सील असलेल्या बाटलीची ही अवस्था असेल तर ती आपल्या गोदामात किती काळ आणि किती उष्णतेत राहिली, याचे उत्तर आम्हाला हवे आहे.

उष्णतेचा मुद्दा केवळ गोदामाचा नाही. माल आला तो भर दुपारी, पारा ४० च्या वर असताना. टेम्पोवाल्याने खोकी फाटकापाशी उन्हात ठेवली, रखवालदाराची सही घेतली आणि तो निघून गेला. टीएचएफचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते ते) शून्याच्या खाली, उणे १४ अंशांच्या आसपास आहे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीनेही पेट घेते. आपल्याच खोक्यावर ज्वलनशील द्रवाचा, तिसऱ्या वर्गाचा शिक्का आहे. तो शिक्का वाहतूकदाराला कोणी समजावून सांगितला आहे का?

कागदपत्रांचीही तीच तऱ्हा. सोबत आलेली सीओए दुसऱ्या बॅचची आहे. एमएसडीएस (सुरक्षा माहितीपत्रक) बीएचटीयुक्त टीएचएफचा आहे. त्याच्या तिसऱ्या विभागात घटक म्हणून बीएचटी दिली आहे, जी या बाटल्यांत नाही. अपघाताच्या वेळी आमचा माणूस धावत येऊन हाच कागद उघडणार आणि त्यात दुसऱ्याच मालाची माहिती वाचणार.

आमची मागणी अशी. चारही बाटल्या आपण ज्वलनशील रसायनांच्या अधिकृत वाहतुकीने येथून उचलाव्यात. प्रतिनिधींनी “कुरिअरने परत पाठवून द्या” असे सुचवले. पेरॉक्साइड झालेले टीएचएफ आम्ही कुरिअरच्या गठ्ठ्यात घालणार नाही, आणि असा सल्ला आपल्याकडून पुन्हा कोणाला दिला जाऊ नये. उघडलेली बाटली परत नेणे शक्य नसेल तर अधिकृत घातक कचरा केंद्रातर्फे ती नष्ट करण्याचा खर्च आपण करावा. तोपर्यंत बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी, वेगळ्या ठेवल्या आहेत आणि त्यांना कोणी हात लावू नये अशी सूचना लावली आहे.

मागवलेले एआर ग्रेड, २५० पीपीएम बीएचटीसह, ताज्या बॅचचे आणि त्याच बॅचच्या सीओएसह मिळावे. ते स्टॉकमध्ये नसेल तर तसे कळवा, आम्ही थांबू किंवा दुसरीकडून घेऊ. एचपीएलसीची १ लिटरची बाटली ठीक आहे, ती आम्ही ठेवतो.

याखेरीज आपल्या कामाच्या पद्धतीत दोन बदल व्हावेत. स्टॅबिलायझर आहे की नाही, असल्यास कोणता आणि किती, हे ग्रेडच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापले जावे आणि त्यावर कोणतीही पट्टी लागू नये. दुसरे, ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय कोणत्याही सॉल्व्हंटचा ग्रेड बदलू नये, मग तो वरचा असो वा खालचा. हे फक्त टीएचएफपुरते नाही. आपल्या कॅटलॉगमध्ये क्लोरोफॉर्मपुढेही नुसते ‘एचपीएलसी’ आहे. क्लोरोफॉर्ममध्ये स्टॅबिलायझर म्हणून कुठे इथेनॉल घालतात, कुठे अमायलीन. सिलिका कॉलमवर पदार्थ वेगळे करणाऱ्याला इथेनॉल असेल तर रिटेन्शनच (पदार्थ कॉलमवर किती थांबतो ते) बदललेले मिळते. आणि काहीच घातले नसेल तर हवा व प्रकाशात फॉस्जीन हा विषारी वायू तयार होण्याचा धोका असतो. ग्रेडचे नाव बघून यातले काहीही कळत नाही.

आपल्याकडून आम्ही बरीच वर्षे रसायने घेत आलो आहोत आणि आपल्या मालाबद्दल आजवर आमची तक्रार नव्हती. म्हणूनच हे पत्र इतक्या तपशिलाने लिहिले आहे. बाटल्या कधी उचलणार आणि तारीख उलटलेला माल गोदामातून बाहेर कसा पडला, याचे लेखी उत्तर गुणवत्ता विभागाच्या सहीने सात दिवसांत मिळावे. तोपर्यंत इनव्हॉइसमधील या चार बाटल्यांची रक्कम आम्ही रोखून धरत आहोत.

कळावे,

आपली,
प्रयोगशाळा प्रमुख,
रसायनशास्त्र विभाग

सोबत : ऑर्डर, चलन व इनव्हॉइसच्या प्रती, बाटल्यांचे व चाचणी पट्टीचे फोटो, आपण पाठवलेली सीओए व एमएसडीएस