पूर-प्रारूपात भराव आणि ऊसही धरा

संपादक महोदय,

पंचगंगेच्या पुराचे संगणकीय प्रारूप राजाराम बंधाऱ्यावरच्या 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका पातळीशी जुळले, एवढ्यावर समाधान मानू नये. 30 मीटर चौकटींच्या उंची-नकाशात प्रत्येक चौकटीला एकच उंची असल्याने शिरोलीजवळचा महामार्गाचा भराव जवळजवळ सपाट होतो. मग प्रत्यक्षात तुंबणारे पाणी संगणकावर सहज पलीकडे जाते. भरावाच्या माथ्याची उंची आणि मोऱ्यांची रुंदी जागेवर मोजूनच घालावी. उभ्या उसाला मोकळ्या रानाचा 0.03 हा मॅनिंग गुणांक (जमीन आणि पीक पाण्याला किती अडवतात, हे सांगणारा आकडा) लावला, तर पूर लवकर ओसरलेला दिसतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रारूपाच्या खालच्या टोकाला, म्हणजे पंचगंगा कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीतील कृष्णेची तासागणिक पातळी द्यावी. कृष्णा फुगली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला उतारच उरत नाही.

– जलविज्ञानाचे अभ्यासक, कोल्हापूर