मसल कार सगळ्याच महाग नाहीत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकी मसल कारच्या, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या मोठ्या इंजिनाच्या गाड्यांच्या, लिलावांवरचा लेख वाचला. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल (टप उघडणारी गाडी) २०१४ मध्ये सिएटलला ३५ लाख डॉलरला गेली, ही त्यातली माहिती खरी आहे. पण असे आकडे वाचून इथे अमेरिकेत नोकरी करणारी आपली तरुण मुले ‘हे आपले काम नव्हे’ म्हणून बाजूला होतात, याचे मला फार वाईट वाटते. माझी सारी नोकरी डेट्रॉइटच्या परिसरात टूलरूममध्ये झाली आणि सुट्ट्या या गाड्यांखाली आडवे पडून गेल्या, म्हणून हे लिहितो.

मुळात या गाड्या श्रीमंतांसाठी नव्हत्याच. पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचे ३८९ घनइंची इंजिन बसवले आणि १९६४ ची जीटीओ जन्मली. १९६८ ची प्लिमथ रोडरनर तर तीन हजार डॉलरच्या आत मिळे. पायाखाली गालिच्याऐवजी रबर, पुढे साधे बाकडे, सगळा पैसा इंजिनात! कारखान्यातला तरुण कामगार ती हप्त्याने घेई. मग विमा कंपन्यांनी तरुण चालकांचा हप्ता भरमसाट वाढवला. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले, त्यामुळे ताकद घटली, आणि १९७३ च्या तेलटंचाईने उरलासुरला बाजार बसला. त्यानंतर या गाड्यांना कोणी वाली उरला नाही. काही शर्यतीत फुटल्या, काही गंजून भंगारात गेल्या, काहींची इंजिने काढून दुसरीकडे लावली गेली. ज्या पोरांनी विशीत त्यांची स्वप्ने पाहिली होती, त्यांच्या हाती पन्नाशीत पैसा आला, टीव्हीवर लिलाव दिसू लागले आणि उरलेल्या थोड्या गाड्यांवर सगळ्यांची उडी पडली.

आजच्या चढ्या भावातला मोठा हिस्सा कागदपत्रांचा आणि गाडीवरच्या नावाच्या बिल्ल्याचा आहे. गाडीत कारखान्यातून आलेलेच इंजिन आहे का आणि ते सिद्ध करता येते का, यावर किंमत ठरते. फसवणूकही तिथेच होते. १९६९ ते १९७१ च्या शेव्हरले शेव्हेलच्या चासिस नंबरावरून ती महागडी एसएस आवृत्ती आहे की साधी मालिबू, हे कळत नाही आणि बिल्ले तर बाजारात नवे मिळतात. मूळ बिल्डशीट (गाडी बनताना कारखान्यात निघालेला तपशिलाचा कागद) हातात आल्याशिवाय मालिबूच्या भावापेक्षा एक डॉलरही जास्त देऊ नये. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून दिला जाणारा अहवाल) आणि पाँटिअ‍ॅकसाठी पीएचएस या जुन्या नोंदी पुरवणाऱ्या सेवेकडची नोंद मागवता येते.

ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने बिल्ल्याचा मोह सोडावा. जीटीओ आणि पाँटिअ‍ॅक लेमॅन्स, तसेच ओल्ड्समोबिलची ४४२ आणि तिचीच साधी कटलास यांचा सांगाडा एकच. ब्यूइक स्कायलार्कही त्यांचीच बहीण. ३५० घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन असलेली धडधाकट कटलास चालवून पाहा, कमीपणा वाटणार नाही. माझी आवडती मर्क्युरी कूगर. फोर्ड मस्टँगच्याच पायावर बांधलेली, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) तीन इंच जास्त, आतली सजावट सरस आणि वळताना मागचे दिवे आतून बाहेर एकामागून एक लागतात. तरीही लोक मस्टँगच्याच मागे धावतात. एएमसी कंपनीची जॅव्हेलिनही स्वस्तात मिळते, पण ती पूर्ण असेल तरच घ्यावी. मस्टँगचा अख्खा पत्र्याचा सांगाडा आजही नवा मिळतो, जॅव्हेलिनची एक पुढची जाळी शोधायला मात्र महिने जातात. आणि २००४ ते २००६ ची, ऑस्ट्रेलियात बनलेली जीटीओ कोणी विचारातच घेत नाही. शेवटच्या दोन वर्षांच्या गाडीत ४०० अश्वशक्ती आहे!

इंजिनाच्या आवाजावर भुलू नये. इंजिन दुरुस्त होते, पत्रा माणसाला बुडवतो. मऊ फडक्यात गुंडाळलेले चुंबक मागच्या चाकांच्या कमानीवर फिरवा. ते घसरले तर रंगाखाली पुट्टी आहे. १९६८ पर्यंतच्या मस्टँग-कूगरमध्ये पुढच्या काचेखालच्या जाळीवर बाटलीभर पाणी ओता आणि डॅशबोर्डखाली हात घालून पाहा. ओल लागली तर आतला लपलेला पत्रा गेला. तो बदलायला मडगार्ड उतरवून वेल्ड फोडावे लागतात. छतावर विनाइलचे (कृत्रिम चामड्याचे) आवरण असेल तर मागच्या काचेच्या कडेने बोट दाबत न्या. फुगवटा कुरकुरला की खाली चाळण झाली समजा.

मिशिगन-ओहायोत हिवाळा तोंडावर आला की गाडी ठेवायला जागा नसलेले लोक विकायची घाई करतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाव करायला वाव असतो. पण इथल्या गाड्यांनी मीठ टाकलेले रस्ते पाहिलेले असतात. अ‍ॅरिझोना किंवा न्यू मेक्सिकोची गाडी शोधावी. तिचा रंग उडालेला, सीट फाटलेल्या, पण पत्रा कोरडा असतो. वाहतुकीचा खर्च धरूनही ती पुष्कळदा परवडते. फक्त फोटो पाहून पैसे पाठवू नयेत. तिथलाच एखादा पत्र्याचे काम जाणणारा माणूस, त्याची फी देऊन, आधी गाडीखाली घालावा.

आपला वाचक,
एक निवृत्त टूलमेकर, मिशिगन