पत्रकं वाटायला येणाऱ्यांसाठी सूचना

मंडळी, लंडनच्या बरो कौन्सिलांचं (म्हणजे भागाभागांतल्या स्थानिक पालिकांचं) मतदान गुरुवारी, ७ मे २०२६ रोजी, सकाळी ७ ते रात्री १०. ग्रीन पक्षाची पत्रकं वाटायला येताना घरून लाकडी उलथणं आणा. हसू नका! दारातल्या टपालाच्या फटीला आतून ताठ ब्रश असतो आणि पलीकडे बऱ्याचदा कुत्रा. म्हणून उलथण्याने पत्रक पूर्ण आत सारा, अर्धवट लोंबकळत ठेवू नका. कुणी पोस्टल मताचं पाकीट हातात देऊ लागलं तर घेऊ नका, आजीबाईंनी कितीही गळ घातली तरी. घरच्यांचं आणि आपण नियमित काळजी घेतो त्यांचं सोडून इतरांचं पाकीट हाताळायला प्रचारकांना २०२४ पासून कायद्याने बंदी आहे. आणि इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मताचा हक्क आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. नाव नोंदवलेलं हवं. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो.