पुट ऑफ: कोण कोणाला ढकलतंय?

प्रिय मित्रा,

तुझी मेल वाचून आधी खो खो हसलो, मग हसल्याबद्दल जरा ओशाळलो. मुलाखत पुढे ढकलली गेली एवढंच तुला कळवायचं होतं. तू लिहिलंस, 'आय वॉज पुट ऑफ बाय द इंटरव्ह्यू.' आणि तिकडून उत्तर आलं की क्षमस्व, आपल्याला नेमकं काय खटकलं? त्यांचं काही चुकलं नाही रे. तुझं वाक्य व्याकरणाने अगदी शुद्ध आहे. फक्त त्याचा अर्थ होतो, 'त्या मुलाखतीने माझं मनच उडालं.'

तू म्हणतोस, शब्दकोशात तर 'लांबणीवर टाकणे' असा अर्थ धडधडीत दिलाय. दिलाय, खरंच दिलाय. घोळ झालाय तो ढकलणारा कोण आणि ढकललेला कोण यात. 'ऑफ' म्हणजे इथे दूर, बाजूला. माणूस कामाला दूर सारतो तेव्हा काम लांबणीवर पडतं: 'वी पुट ऑफ द मीटिंग.' पण एखादी गोष्टच माणसाला दूर सारते तेव्हा? 'द स्मेल पुट मी ऑफ.' त्या वासाने नकोसं झालं. तुझ्या वाक्यात मुलाखत ढकलणारी झाली आणि तू बिचारा ढकलला गेलास. (एक अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर नंतर मलाच पकडशील. 'आय पुट हिम ऑफ टिल मंडे' म्हणजे सोमवारवर नेऊन त्याची बोळवण केली. इथेही ढकललेला माणूसच आहे, पण ढकलणाराही माणूस आहे आणि पुढचा वार सांगितलेला आहे.)

हा दुसरा अर्थ डोक्यात बसवायला मला आपलं 'उडणे' फार उपयोगी पडलं. मन उडतं तसं लक्षही उडतं, आणि गंमत म्हणजे पुट ऑफचा तिसरा अर्थ नेमका तोच आहे. कोणी नेम धरतोय आणि शेजारी बडबड चालू आहे, तर तो वैतागून म्हणेल, 'यू आर पुटिंग मी ऑफ!' हा वापर ब्रिटिश बोलण्यात जास्त. 'ऑफ-पुटिंग' हे विशेषणही तुला भेटेल. एखाद्याचा बोलण्याचा सूर ऑफ-पुटिंग असतो, म्हणजे ऐकणारा चार पावलं मागे सरतो. 'किळसवाणा' इतकं ते जहाल नाही.

आता तू मागितलेले समानार्थी शब्द. यादी पाठवणार नाही, कारण याद्यांनीच तुझा घात केलाय. 'पोस्टपोन' हा पुट ऑफचा इस्त्री केलेला भाऊ. लॅटिनमध्ये 'पोस्ट' म्हणजे नंतर आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे, तेव्हा कल्पना जवळपास तीच. फक्त पोस्टपोन नोटिशीत शोभतो आणि पुट ऑफ गप्पांत. 'डिफर' त्याहून कागदी: निर्णय, पैसे भरणं, प्रवेश. 'ॲडजर्न' म्हणजे आपलं तहकूब. त्यात फ्रेंचमधला दिवस दडलाय, म्हणजे दुसऱ्या दिवसावर नेणे. सभा किंवा खटला तहकूब होतो, दाताच्या डॉक्टरकडे जाणं तहकूब होत नाही. 'शेल्व्ह'ला तर आपल्याकडे त्याहून देखणा शब्द आहे, बासनात गुंडाळणे. इंग्रजांनी फळीवर ठेवलं, आपण फडक्यात बांधलं, काम काही झालं नाही. 'प्रोक्रॅस्टिनेट'मध्ये लॅटिनचा 'क्रास', म्हणजे 'उद्या', बसलाय. ती चालढकल. त्याला सहसा कर्म लागत नाही, माणूस नुसताच चालढकल करत बसतो.

मला सगळ्यात फसवा वाटतो तो 'डिले'. विमानाला उशीर झाला तर ते 'डिलेड', 'पुट ऑफ' नव्हे. उशीर धुक्यानेही होतो. पुट ऑफ मात्र कोणीतरी ठरवून करतं. मराठीत आपण 'उशीर झाला' आणि 'पुढे ढकललं' यांची कधी गल्लत करतो का? तोच कान इथे लाव. आणि 'कॉल ऑफ' यात आणू नकोस. ते रद्दच. पुट ऑफ झालेली मुलाखत होणार असते, कॉल ऑफ झालेली होणार नसते.

'पुढे' या शब्दाबद्दलही सावध राहा. आपलं 'पुढे ढकलली' म्हणजे निःसंशय नंतरची तारीख. तेच शब्दशः इंग्रजीत नेलंस तर पंचाईत. 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणजे उलट, अलीकडची तारीख! 'मूव्ह फॉरवर्ड'वर तर खुद्द इंग्रजी बोलणारेच अडखळतात. लेरा बोरोडित्स्की या संशोधिकेने लोकांना विचारलं होतं की पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह्ड फॉरवर्ड' झाली, तर आता कोणत्या वारी? कोणी सोमवार म्हणालं, कोणी शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललोय असं धरलं तर शुक्रवार, काळच आपल्याकडे येतोय असं धरलं तर सोमवार. तेव्हा तारीख बदलली की वार स्पष्ट लिहायचा, बाकी शोभा. आणि अलीकडे आणण्यासाठीचा आपला लाडका 'प्रीपोन' भारतीय इंग्रजीत छान चालतो, पण बाहेरच्या माणसाला लिहिताना तो गोंधळात पाडू शकतो.

व्याकरण दोनच ओळींत. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: 'पुट इट ऑफ'. 'पुट ऑफ इट' कधीच नाही. आणि मागून क्रियापद आलं तर 'पुट ऑफ गोइंग', 'पुट ऑफ टु गो' नव्हे. बोलताना 'पुट इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर द्यायचा. तू 'पुट'वर देतोस, मी फोनवर ऐकलंय.

असली जोडक्रियापदं म्हणजे इंग्रजीचा छळवाद, असं तू लिहिलंयस. अरे, 'करून टाक', 'करून ठेव', 'करून बघ' आणि 'काय करून बसलास' यांतला फरक एखाद्या परक्याला समजावून दाखव. 'बसलास'मध्ये कोणी बसलेलं नसतं आणि 'टाक'मध्ये काही टाकायचं नसतं. तरी 'बसलास' ऐकताच आपल्याला कळतं की काहीतरी निस्तरायचं आहे. तू पाठवलेली मेल त्याच जातीची.

तर आता निस्तरायचं असं. त्यांना आजच लिही: 'सॉरी, आय मेंट द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ. आय ॲम स्टिल व्हेरी इंटरेस्टेड.' दुसरं वाक्य गाळू नकोस, कारण ते अजून समजून असणार की तुझं मन उडालंय. आणि नवी तारीख कळली की मला कळव, आदल्या रात्री फोन करतो.

तुझाच,
हसलेला मित्र